दुखण्याचा आकडा

मंगळवार, दिनांक ११ जून २०२४, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. मिशनच्या दवाखान्यामागे जी पत्र्याची लांबट खोली आहे, तिच्याबाहेर सतरा माणसे नंबर लावून होती. सोळाजण बाकांवर बसले होते. एकटा वामिंबी उभा होता.

त्याचा नंबर चौदावा होता आणि तो सात वाजल्यापासून उभा होता. एका बाईने दोनदा सरकून जागा केली. त्याने दोनदा आभार मानले आणि भिंतीला खांदा लावून, उजवी टाच जमिनीला नुसती टेकवून, तो तसाच राहिला. बसण्याचे त्याला वावडे नव्हते. बसून उठल्यावरची पहिली दहा पावले वाईट जात, आणि ती दहा पावले सोळा माणसांनी बघावीत अशी त्याची इच्छा नव्हती.

आत अमोंगिन नावाची, आखडलेल्या सांध्यांना व्यायाम देणारी मुलगी होती. वय सत्ताविसाच्या आसपास, गळ्यात मोजपट्टी, केसांत खोचलेली पेन्सिल. ती खालच्या मैदानी मुलखातली, तेसो लोकांतली. वामिंबीने तिला पाहिले आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हिच्या गावात चढ नाही. दुसरी गोष्ट आली ती अशी, की हिच्या गावचे पुरुष सुंतेच्या सुरीसमोर उभे राहत नाहीत. एल्गॉन डोंगरावरचा माणूस मैदानातल्या माणसाबद्दल या दोन गोष्टी न शिकताच शिकतो.

तिने त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाय जमेल तेवढा मागे न्यायचा. डाव्या पायाचा अंगठा भिंतीपासून अकरा सेंटिमीटरवर गेला. उजव्याचा तीनवर अडला. मग तिने त्याला पलंगावर निजवले आणि बाहेरच्या घोट्याखाली अंगठा ठेवला.

“म्झे,” ती म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे तसेच म्हणतात. “आता मी दाबणार. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याच्यावर दुखणं नाही. तुम्ही मला आकडा सांगायचा.”

समोरच्या भिंतीत एक रिकामा खिळा होता. वामिंबीने त्याच्यावर नजर लावली. तिने दाबले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढत नेली.

“शून्य.”

तिने मान वर करून पाहिले, जागा बदलून टाचेमागची जाड शीर चिमटीत धरली आणि आणखी जोराने दाबली.

“शून्य.”

“दुखतच नाही, तर इतक्या लांब आलात कशाला?”

“पाय काम करत नाही,” वामिंबी म्हणाला. “दुखत नाही.”

आपण खोटे बोललो असे त्याला वाटले नाही. १९९२ सालच्या ऑगस्टात, सोळाव्या वर्षी, बापाच्या अंगणात सगळ्या भावकीसमोर उभे राहून त्याने सुंतेची सुरी सोसली होती. पापणी लवली नव्हती. त्याच दिवशी पलीकडच्या वाडीतल्या एकाची भुवई हलली. तो माणूस आता सहा मुलांचा बाप आहे, पण त्याला आजही गावात भुवईवाला म्हणतात आणि तो मेल्यावर खड्ड्याच्या काठावरही कोणीतरी ती भुवई काढणार आहे. मैदानातल्या मुलीने आकडा विचारला म्हणून काय झाले?

अमोंगिनने पेन्सिल काढून कागदावर दोन शून्ये लिहिली. जुना मुरगळा, सांधा आखडलेला, पोटरी वाळलेली, वेदना नाही. वेदना नाही म्हणजे व्यायाम जरा दमदार देता येईल, असा तिने हिशेब केला. तो त्या कागदापुरता बरोबर होता.

*

मुरगळा नऊ जानेवारीचा. वामिंबीचे वरचे शेत धारेच्या अगदी कडेला होते. कॉफीची दोनशे बारा झाडे आणि सावलीला मधून मधून केळी. तिथून फळ सोलायचे यंत्र होते खाली, ओढ्याकाठी. लाल फळ तोडले की त्याच दिवशी ते यंत्रातून काढावे लागते, नाहीतर आंबते. वाट सातशे मीटरची आणि मधल्या तीव्र उताराला गावात बोकडउडी म्हणत. नऊ जानेवारीला पाठीवर साठ किलोचे पोते घेऊन तो बोकडउडीवर घसरला. त्याने पोते सांभाळले, पाय सांभाळला नाही. पोत्यातले एकही फळ सांडले नव्हते, हे त्याने नंतर बऱ्याच जणांना सांगितले.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून तीन आठवडे बांधले. सूज गेली, पण पाय गेला तो गेलाच. उरलेला हंगाम बायको नांबोजोने डोक्यावरून जमेल तेवढा उतरवला. तिसरा हिस्सा फळ झाडाखाली गळून काळे पडले.

इथून धाकटा भाऊ गिझांबा सुरू झाला. त्याची जमीन खाली, ओढ्याजवळची. बरी होती पण थोडी होती. ईस्टरच्या जेवणाला सगळी भावकी जमली असताना त्याने भावकीतल्या वडील माणसापुढे, कुका मागोंबेंपुढे, विषय काढला. कुका म्हणजे आजा. चौऱ्यांशी वर्षांच्या माणसाला गावात दुसरे काही म्हणायची सोय नव्हती. बाप मरताना काय म्हणाला होता याची गिझांबाने सगळ्यांना आठवण करून दिली. बाप म्हणाला होता, वरचं शेत ज्याच्या पाठीवर उतरेल, त्याचं.

“गेल्या हंगामात ते वहिनीच्या डोक्यावर उतरलं,” गिझांबा म्हणाला, “आणि उरलेलं उतरलंच नाही. मी भावाचं वाईट बोलत नाही. मी फळाचं बोलतो.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि वामिंबीला तेच जास्त लागले. खोटे असते तर त्याला भांडता आले असते.

कुका मागोंबेंनी बराच वेळ वाफवलेली केळी चघळली आणि मग निकाल न देता तारीख दिली. पाच ऑक्टोबर, शनिवार. वरच्या शेताची पहिली तोड. त्या दिवशी ते स्वतः यंत्राशेजारी येऊन बसतील. वामिंबीच्या पाठीवर फळ खाली आले तर शेत त्याचे. नाही आले, तर पुढच्या पावसापासून गिझांबाने कसावे.

*

अमोंगिनने दिलेले व्यायाम असे होते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी झाडाला बांधून पंजा बाहेरच्या बाजूला ओढायचा, वीस वेळा. टाचा उचलायच्या, पंधरा वेळा. आणि डोळे मिटून एका पायावर उभे राहायचे, मनात तीस मोजेपर्यंत. दिवसातून दोनदा.

वामिंबीने अंगणातल्या कॉफीच्या झाडाला ट्यूब बांधली आणि प्रत्येक गोष्ट दुप्पट केली. वीसच्या जागी चाळीस, पंधराच्या जागी तीस. दुप्पट केले तर निम्म्या वेळात बरा होईन, असे त्याचे सरळ गणित होते. जेवतानाही त्याचा पंजा खाली हलत असे. नांबोजो म्हणे, पाय गप्प ठेवा, भांडी वाजतात. तो थोडा वेळ गप्प ठेवी आणि पुन्हा सुरू करी. त्याला बसवत नव्हते, निजवत नव्हते. दिवसातून दोन-तीनदा तो घराच्या कोपऱ्यावर जाऊन वरच्या धारेकडे बघून येई. फळ अजून हिरवे होते.

एका पायावर उभे राहण्याचा कार्यक्रम मात्र वाटेवरून दिसे. शेजाऱ्याने पहिल्याच आठवड्यात कुंपणावर कोपर टेकून विचारले, “काय रे वामिंबी, म्बाले शहराच्या उकिरड्यावरचा करकोचा झालास का?” वामिंबीने डोळे उघडले नाहीत. “करकोच्याला निदान खायला तरी मिळतं,” शेजारी म्हणाला आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी तो दोन माणसांना दाखवायला घेऊन आला.

दर मंगळवारी वामिंबी दवाखान्यात जाई. शेवटच्या पुलापर्यंत चालत, पुढे मोटारसायकलवाल्याच्या मागे. दर मंगळवारी अमोंगिन दाबे, वाकवी, उभे करी आणि आकडा विचारी. तिचा नियम तिने त्याला पहिल्याच दिवशी सांगितला होता. तीनपर्यंत दुखले तर चालेल. चार-पाच झाले तर वजन वाढवायचे नाही. पाचच्या वर गेले तर थांबायचे आणि मागे यायचे. वामिंबी खिळ्याकडे बघून शून्य म्हणे. तिसऱ्या आठवड्यात त्याला वाटले की सारखे शून्य बरे दिसत नाही, म्हणून त्याने एकदा एक म्हटले. अमोंगिनने कौतुकाने मान हलवली आणि त्याच्या पाठीवर पाच किलो वाळूची पिशवी चढवली. सहाव्या आठवड्यात दहा किलो. आठव्या आठवड्यात लाकडी खोक्यावरून उजव्या पायाने खाली उतरायचे आले.

भिंतीवरचा आकडा आधी तीनवरून पाचवर गेला होता. आता तो पुन्हा तीनवर आला. अमोंगिनने मोजपट्टी दोनदा लावून पाहिली, कपाळाला आठी घातली, कागद उलटून मागची शून्ये वाचली आणि तो ठेवून दिला.

*

वर्ष सम होते, म्हणजे सुंतेचे. ऑगस्ट लागला आणि डोंगर ढोलांनी हलू लागला. मांड्यांना घंटा बांधलेली पोरे नातेवाइकांच्या घरोघर नाचत निघाली, मागून अख्खी वाडी पळू लागली. आठ तारखेला दुपारी असा एक जथा वामिंबीच्या अंगणात शिरला. गिझांबा त्यात होता, घामाने निथळलेला, खुशीत. त्याने भावाचा हात धरला.

“चल. की पाय दवाखान्यात ठेवून आलास?”

माणसे हसली. हसण्यात वाईट काही नव्हते. वामिंबी त्यांच्यात शिरला आणि ओढ्यापर्यंत आणि परत नाचला. त्याने पावले मोजली नाहीत. मोजली असती तर हजाराच्या आसपास भरली असती. तेवढा वेळ पाय खरोखरच दुखला नाही. रात्री तो चपलेत मावेना.

पुढचे चार दिवस त्याने गमबूट घातले. गमबुटातून सूज दिसत नाही आणि लंगडणे चिखलावर ढकलता येते. मंगळवारी पहाटे उठून तो ओढ्यावर गेला आणि पाऊण तास त्या गार पाण्यात पाय बुडवून बसला. सूज तात्पुरती बसावी म्हणून. हे तो आधीही दोन मंगळवार करत आला होता.

त्या दिवशी, तेरा ऑगस्टला, नांबोजो बरोबर निघाली. बाजारात केळ्यांचे दोन घड पोचवायचे आहेत असे तिने सांगितले. घड पुलाजवळ एका ओळखीच्या बाईकडे ठेवून ती थेट दवाखान्यातच आली आणि पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

अमोंगिनने खोके मांडले, वाळूची पिशवी चढवली. वामिंबी गमबुटासकट खोक्यावर चढला. पहिल्यांदा उतरला. दुसऱ्यांदा उतरला. तिसऱ्या वेळी उजवा पाय दुमडला आणि तो दोन्ही तळहातांवर पडला. पिशवी मानेवरून पुढे गेली आणि वाळू जमिनीवर पसरली. अमोंगिन पोचण्याआधीच तो उठून सरळ उभा राहिला होता. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, नजर खिळ्यावर. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

“आकडा?” अमोंगिनने विचारले.

“शून्य.”

“डॉक्टरीणबाई,” दारातून नांबोजो म्हणाली, “त्यांना विचारू नका. तुम्ही विचारलं की ते सुरीसमोर उभे राहतात. आकडा मला विचारा.”

वामिंबीने मान न वळवता तिला घरी जायला सांगितले.

“जाते,” नांबोजो म्हणाली आणि दारातून हलली नाही. “झोपेत कूस बदलली की आठ. पहाटे अंगणात उतरताना सात. आणि इथे यायच्या दिवशी ओढ्यात पाय घालून बसतात तेव्हा किती, ते मला ठाऊक नाही. तेव्हा ते माझ्याकडे बघत नाहीत.”

खोलीत पलंगावर पडलेली एक म्हातारी होती, तीही उठून बसली. अमोंगिनने काही विचारले नाही. तिने वामिंबीला खुर्चीत बसवले आणि बूट ओढला. तो निघेना. नांबोजोने मागून खुर्ची धरली, अमोंगिनने पुढून टाच धरली, तेव्हा निघाला. सुजेत घोटा नावापुरता उरला होता. अमोंगिनने अंगठा दाबून काढून घेतला. खड्डा तसाच राहिला. ती त्या खड्ड्याकडे तो भरून येईपर्यंत बघत बसली.

मग तिने कागद घेतला आणि सगळ्या मंगळवारच्या शून्यांवरून वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

“मी ह्या आकड्यांवर वजन चढवत गेले, म्झे. पाच किलो, मग दहा, मग खोकं. खालची वीट कच्ची आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मला नव्हतं.” तिने पेन्सिल पुन्हा केसांत खोचली. “चूक माझीही आहे. पाय समोर होता आणि मी कागद वाचत बसले.”

वामिंबीला संताप आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हते. तो म्हणाला, “आमच्यात माणूस दुखतं म्हणत नाही.”

“ठाऊक आहे. आमच्यात सुरी नाही म्हणून तुम्ही आमच्या बापांनासुद्धा पोरं म्हणता, तेही ठाऊक आहे.”

नांबोजोने तोंडावर हात धरला. पलंगावरची म्हातारी उघड हसली.

“सुरी एकदा लागते,” अमोंगिन म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “ती लावणारा तुम्हाला किती दुखलं ते विचारत नाही, कारण त्याला उद्या काही करायचं नसतं. मला उद्या करायचं आहे. तिथं गप्प राहणं हे तुमचं काम होतं, ते तुम्ही केलंत. इथं सांगणं हे काम आहे. ते तुम्ही दोन महिन्यांत एकदाही केलेलं नाही.”

वामिंबीने पाच ऑक्टोबरची गोष्ट तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितली. बापाचे बोलणे, बोकडउडी, साठ किलो. ती ऐकत राहिली, मधे उताराबद्दल विचारले. तो किती उभा, पाय कसा पडतो, वाटेत कुठे टेकता येते. शेवटी तिने बोटांवर आठवडे मोजले. सात आठवडे आणि चार दिवस. ती म्हणाली की वीस किलोपर्यंत ती जबाबदारी घेईल. साठ एकदम नाही.

“उचललेच तर?”

“उतराल. तुमच्यासारखा माणूस उतरेलच. पुढच्या वर्षी मात्र उतरणार नाही.”

*

पहिले बारा दिवस पाय उंच ठेवून बसायचे होते. आणि दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आकडा मोठ्याने बायकोला सांगायचा होता. बाकी व्यायाम नंतर.

बसणे त्याला जड गेले, पण ते कसेबसे उरकले. बोलणे त्याहून अवघड गेले. पहिल्या दिवशी नांबोजोने विचारले तेव्हा तो उठून बकरीला चारा घालायला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पाठमोरा होऊन, हात मागे घेऊन, बोटे दाखवली. एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन. नांबोजोने ती मोजली. ती बांबूचे कोवळे कोंब शेंगदाण्याच्या कुटात शिजवत होती. चौथ्या दिवशी तिने पळी चाटून, मीठ पुरे का म्हणून विचारावे तसे विचारले, “आकडा?”

“सहा,” वामिंबी चुलीकडे बघत म्हणाला.

“मीठ?”

“पुरे.”

त्यानंतर ते घरातले बोलणे झाले. सहा, सहा, पाच, सात. सात आला की नांबोजो विचारी, काय केलंत. तो सांगे. बहुतेक वेळा काहीतरी केलेलेच असे.

ऑगस्टच्या शेवटी भिंतीवरचे माप पुन्हा पाचवर आले, सप्टेंबरच्या मध्याला साडेसहावर. अमोंगिन म्हणाली, पाच ऑक्टोबरपर्यंत सातच्या पुढे जाणार नाही. वामिंबीने एका काठीवर सात सेंटिमीटरची खूण केली, पाऊलभर लांबीची दुसरी काठी तोडली आणि बोकडउडीवर जाऊन उतारावर पाय ठेवून, काठ्या लावून, अर्धा दिवस बघत बसला. उताराला नऊ लागत होते. पायाकडे सात होते. पाय आणखी वाकणार नसेल तर वाट वाकवायला हवी.

दुसऱ्या दिवसापासून तो कुदळ घेऊन जाऊ लागला. ढुंगणावर बसून, उजवा पाय लांब पसरून, तो एकेक पायरी खोदी. मागची कड दाबून बसवी, पुढच्या कडेला निलगिरीचा दांडका ठोकी. दिवसाला चार किंवा पाच. दुखणे चारवर गेले की कुदळ ठेवून घरी. हा नियम त्याने मोडला नाही असे नाही. दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा संध्याकाळी नांबोजोला सांगितले.

गिझांबा एकदा वरून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“दवाखान्याचा जिना बांधतोस?”

“वाट बांधतो.”

“बापाने पायऱ्यांशिवाय चाळीस वर्षं उतरवलं.”

“बाप घसरला नव्हता,” वामिंबी म्हणाला.

गिझांबाने एक पायरी टाचेने ठोकून पाहिली. ती हलली नाही. तो तिच्यावरूनच खाली गेला. सगळ्या मिळून चौऱ्याहत्तर पायऱ्या झाल्या. शेवटची तीन ऑक्टोबरला ठोकली.

*

पाच ऑक्टोबरला सकाळी साडेसात वाजता कुका मागोंबे यंत्राशेजारी उलट्या खोक्यावर येऊन बसले. दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर. गिझांबा दोन गडी आणि दोर घेऊन आला होता. फळ अडकून पडलेच तर आंबायला नको, असे त्याने सांगितले. बघायला पंधरा-वीस माणसे जमली. ओढ्याकाठून बोकडउडी वरपासून खालपर्यंत दिसते.

वर नवरा-बायको पहाटेपासून तोडत होती. नऊ वाजता टोपल्या भरल्या. वामिंबीने सवयीने सगळे फळ एकाच मोठ्या पोत्यात ओतले आणि तोंड बांधले. नांबोजो बघत होती. तिच्या काखेत आणखी चार रिकामी पोती घडी करून धरलेली होती.

“आकडा?”

“दोन.”

त्याने पोते पाठीवर घेतले. ओझे ओळखीचे होते. पाठीने ते लगेच ओळखले, मणक्यांनी आपापली जागा घेतली, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याला आपण पूर्ण आहोत असे वाटले. खाली कोणीतरी शीळ घातली. तो बोकडउडीच्या तोंडाशी आला. पहिल्या पाच पायऱ्या उतरला, तेव्हा आकडा तीन होता. आठव्या पायरीला पाच. अकराव्या पायरीवर ती तार पुन्हा घोट्यातून गुडघ्याकडे निघाली.

तो थांबला. खालून सगळे बघत होते. असे सगळ्यांसमोर निश्चल उभे राहणे त्याला येत होते. ते त्याने एकदा करून दाखवले होते आणि त्यावर बत्तीस वर्षे काढली होती. अजून त्रेसष्ट पायऱ्या होत्या. तोंड मिटून तो उतरू शकला असता, यात त्याला काहीच शंका नव्हती.

त्याने गुडघे वाकवले आणि पोते पायरीवर उतरवले.

खाली कोणीतरी हसले. गिझांबाच्या एका गड्याने दोर खांद्यावर टाकला. वामिंबीने पोत्याचे तोंड सोडले. नांबोजो वरून येऊन एकेक रिकामे पोते उघडून धरत गेली. त्याने चार वाटे केले, पहिला पाठीवर घेतला आणि उतरू लागला. शेवटच्या पायरीपाशी उजवा पाय किंचित ओढला गेला, तो त्याने लपवला नाही. यंत्राजवळ येऊन त्याने ओझे ठेवले.

“भरलं पोतं का ठेवलंस?” कुका मागोंबेंनी विचारले.

“सहा झाला होता, कुका.”

“काय सहा?”

वामिंबीने आजूबाजूला पाहिले. भुवईवालाही गर्दीत होता, मागे, झाडाला टेकून.

“दुखणं,” वामिंबी म्हणाला. “शून्य म्हणजे नाही. दहा म्हणजे त्याच्यावर नाही. वर सहा झालं. आता चार आहे.”

कोणी हसले नाही. कसे हसावे ते कोणाला सुचले नसावे. गिझांबा पुढे झाला आणि म्हणाला की बापाचा शब्द सगळ्यांना पाठ आहे आणि जे घडले ते सगळ्यांनी पाहिले आहे. कुका मागोंबेंनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते. १९५६ साली ते सुरीसमोर उभे राहिले होते. त्यांच्या उभे राहण्याची गोष्ट अजून पोरांना सांगितली जाई.

“दहाच्या वर नाही म्हणतोस?”

“नाही, कुका.”

“मग हा डावा नऊ असेल,” म्हातारा म्हणाला. “पावसात साडेनऊ.”

त्यांनी काठी उचलून गिझांबाला बाजूला व्हायची खूण केली.

“तुझ्या बापाने मला पाठ सांगितली होती. खेपा सांगितल्या नव्हत्या. मी इथं बसतो आणि मोजतो. वहिनीच्या डोक्यावर एक फळ आलं, तर शेत तुझं.”

“दर तोडीला ह्याचा असाच दिवस जाणार,” गिझांबा म्हणाला.

“जाईल,” वामिंबी म्हणाला आणि वाटेला लागला.

दुसरी खेप सव्वादहाला आली. तिसऱ्या वेळी तो वर अर्धा तास बसला, पाय दगडावर उंच ठेवून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्या वेळात बरीच माणसे कंटाळून घरी गेली. गिझांबाचे गडी दोर गुंडाळून गेले. गिझांबा स्वतः गेला नाही. तिसरी खेप आली तेव्हा त्याने न सांगता यंत्राचा दांडा धरला आणि फिरवू लागला, कारण फळ फळच होते आणि ऊन चढत होते.

चौथी खेप बारा वाजून चाळीस मिनिटांनी खाली आली. एकसष्ट किलो, सगळे वामिंबीच्या पाठीवर. कुका मागोंबेंनी शेत त्याच्याकडे राहील असे सांगितले, आणि उठताना आधाराला हात मागितला, जो त्यांनी आजवर कोणाकडे मागितला नव्हता.

नांबोजोने पोती झटकून घडी घातली आणि सगळ्यांदेखत विचारले. वामिंबीने उजवा पाय जमिनीवर पूर्ण टेकवून पाहिला, मग सांगितले.

तीन.